लोकनायक अणे आणि अधिकारपदाचा प्रश्न

वर्गांत जुन्या मध्यप्रांताचा इतिहास शिकवितांना एक प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. ज्यांनीं सरकारशीं झगडण्यांत आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालविलीं, तेच पुढें सरकारच्या खुर्चीवर जाऊन बसले, हें कसें? प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजांत थोडा उपहास असतो आणि थोडें दुःखहि असतें. उपहास हा त्या वयाचा धर्म आहे, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतां येतें. पण दुःखाला उत्तर द्यावें लागतें. वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या आमच्या भंडारा जिल्ह्याला तर हा प्रश्न विशेष जवळचा आहे. या जिल्ह्याचें भवितव्य नेहमी दूरच्या गांवीं ठरत आलें. १८५३ पर्यंत तें भोसल्यांच्या नागपुरांत ठरत असे. पुढें १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हां तें चीफ कमिशनरच्या व नंतर गव्हर्नरच्या कचेरींत ठरूं लागलें. १९५६ पासून तें मुंबईस ठरूं लागलें. ज्यांना राजधानी जवळ असते त्यांना अधिकारी हीं माणसें वाटतात. आम्हांला तीं बहुधा नांवें वाटत आलीं. त्या नांवांपैकीं एखादें आपल्या भाषेंतलें निघालें कीं मन चाळवतें आणि मग त्या नांवामागच्या माणसाचा हिशोब मांडावासा वाटतो.

असा हिशोब मांडण्याजोगें एक नांव म्हणजे माधव श्रीहरि अणे. लोकांनीं त्यांना प्रेमानें ‘बापूजी’ म्हटलें व आदरानें ‘लोकनायक’ म्हटलें. ते भंडाऱ्याचे नव्हेत. यवतमाळ जिल्ह्यांतील वणी हें त्यांचें जन्मगांव. परंतु ज्या आठ जिल्ह्यांचें मिळून एक राज्य व्हावें यासाठीं त्यांनीं आपलें म्हातारपण खर्ची घातलें, त्या आठांत भंडाराहि एक होता. तेव्हां त्यांच्या आयुष्याकडे पाहण्याचा आमचा हक्क वऱ्हाडाइतकाच आहे.

येथें एक गोष्ट आधीं स्पष्ट केली पाहिजे, कारण तरुण वाचकांस ती ठाऊक असतेच असें नाहीं. वऱ्हाड आणि नागपूर प्रांत हीं आज एका विदर्भाचीं दोन अंगें वाटत असलीं तरी इंग्रजी अमलांत त्यांच्या कुंडल्या वेगळ्या होत्या. वऱ्हाड मूळचा निजामाचा. १८५३ च्या तहानें त्याचा कारभार कंपनीकडे आला, १९०२ सालीं तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रज सरकारनें घेतला आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडला. वऱ्हाडांत काळी जमीन, कापूस आणि रयतवारी. शेतकऱ्याचा संबंध थेट सरकारशीं. भंडाऱ्याकडे भात, तलाव आणि मालगुजारी. शेतकरी आणि सरकार यांच्यामध्यें मालगुजार उभा. वऱ्हाडांत कापसाच्या पैशावर शाळा निघाल्या, वकील वाढले, वर्तमानपत्रें चाललीं. टिळकांच्या राजकारणाची मुळें तेथें खोल गेलीं. नागपूरच्या कौन्सिलांत पुढें वऱ्हाडच्या वकिलांचा जो वरचष्मा दिसतो त्याचें कारण हें आहे.

अण्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. कांहीं काळ अमरावतीस शिक्षकाचें काम करून ते कायद्याच्या परीक्षेस बसले आणि पुढें यवतमाळ येथें वकिली करूं लागले. हा काळ १९०८ च्या सुमाराचा. म्हणजे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तोच काळ. टिळकांचा शिष्य म्हणवून घेणें ही त्या दिवसांत शोभेची गोष्ट नव्हती. तिची किंमत वकिलाला सनदेंत मोजावी लागे, आणि अण्यांनाहि ती मोजावी लागली. होमरूलची चळवळ आली तेव्हां ते तिच्यांत होते. १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचें अध्यक्षपद त्यांच्याकडे होतें. संस्कृताचा व्यासंग, कायद्याची शिस्त आणि टिळकांवरील निष्ठा या तीन धाग्यांनीं त्यांचा स्वभाव विणलेला होता. पुढच्या साऱ्या वळणांवर हे धागे कोठें ना कोठें दिसतात.

अधिकारपदाचा प्रश्न मध्यप्रांतापुढें प्रथम तीव्रतेनें आला तो अण्यांमुळें नव्हे. तो अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे यांच्यामुळें आला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनीं जी द्विदल राज्यपद्धति आली तिच्यांत शिक्षणासारखीं सोंपीव खातीं मंत्र्यांकडे, तर पैसा आणि पोलीस हीं राखीव खातीं गव्हर्नराकडे, अशी वांटणी होती. १९२३ च्या निवडणुकींत स्वराज्य पक्षानें मध्यप्रांताचें कौन्सिल जिंकलें. मंत्रिपद घ्यावयाचें नाहीं व दुसऱ्यास चालवूं द्यावयाचें नाहीं, असा त्यांचा बाणा होता. १९२४ सालीं त्यांनीं मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरविला, आणि द्विदल पद्धति या प्रांतांत अक्षरशः बंद पडली. साऱ्या हिंदुस्थानांत कौतुक झालें. पण मोडलेलें यंत्र मोडूनच ठेवण्यांत एक अडचण असते. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा कारभार लोकांच्या प्रतिनिधींकडून निघून पुनः गव्हर्नराकडेच गेला. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांतील खेड्याला दोन रुपयांच्या पगाराचा विनोद कळला असेल; पण त्या विनोदानें शाळेला शिक्षक मिळाला नाहीं.

अशा स्थितींत १९२५ च्या ऑक्टोबरांत तांब्यांनीं गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाचें सभासदत्व स्वीकारलें. ते स्वराज्य पक्षाचे होते आणि त्या वेळीं कौन्सिलचे अध्यक्ष होते. मोतीलाल नेहरू संतापले; न. चिं. केळकर व मु. रा. जयकर यांनीं मात्र तांब्यांची पाठराखण केली. यांतून पक्ष दुभंगला आणि प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा राहिला. सरकार जितकें देईल तितकें घ्यावें, घेतलेल्याचा उपयोग पुढील झगड्यासाठीं करावा, सहकार्याला सहकार्य आणि विरोधाला विरोध, हें त्याचें सूत्र. डॉ. मुंजे आणि अणे या पक्षांत अग्रभागीं होते. चार वर्षांनीं, १९२९ सालीं, सर माँटेग्यू बटलर रजेवर गेले असतां तांब्यांनीं मध्यप्रांताचे हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिलें. मराठी वकिलानें गव्हर्नराची खुर्ची भूषविली याचा कांहींना अभिमान वाटला, कांहींना लाज वाटली. पुढें १९३६ सालीं बिलासपूरचे ई. राघवेंद्रराव यांनाहि असाच हंगामी मान मिळाला. परंतु खुर्चीवर माणूस बदलला तरी खुर्चीचे हात कोणाच्या हातीं आहेत, हा प्रश्न तसाच राहिला. हंगामी गव्हर्नराला लंडनहून आलेल्या धोरणाची एक ओळहि बदलतां येत नव्हती.

प्रतियोगी सहकारिता हें सूत्र लबाडीचें होतें, असें म्हणणारे पुष्कळ होते व आजहि आहेत. अण्यांपुरता तरी या आक्षेपाला १९३० सालानें जबाब दिला. गांधीजींनीं मिठाचा कायदा मोडला. पण वऱ्हाडाला समुद्र कोठला? तेथें सरकारची मक्तेदारी रोजच्या आयुष्याला टोंचत होती ती जंगलांत. गुरांसाठीं गवत, चुलीसाठीं लांकूड, पावसाळ्यापूर्वीं छपरासाठीं काटक्या, ज्याला आमच्याकडे निस्तार म्हणतात तें सारें राखीव जंगलाच्या कायद्यानें परवान्याच्या कक्षेंत गेलें होतें. १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळच्या राखीव जंगलांत जाऊन अण्यांनीं विळ्यानें गवत कापलें व त्याबद्दल ते तुरुंगांत गेले. पन्नाशीला पोंचलेला, मध्यवर्ती असेंब्लींत वऱ्हाडचा प्रतिनिधि म्हणून बसलेला हा विद्वान् वकील हातीं विळा घेऊन कायदा मोडतो, हें दृश्य लोकांच्या मनांत राहिलें. कायदेभंगाची कल्पना गुजराथच्या किनाऱ्यावरची होती. तिला दख्खनच्या रानांत अर्थ देण्याचें काम अशा जंगल सत्याग्रहांनीं केलें. मीठ सगळ्यांनाच लागतें. पण गवत कापल्याबद्दल दंड भरलेला माणूस प्रत्येक गांवांत होता.

यानंतरचीं चार वर्षें हीं अण्यांच्या काँग्रेसमधील मोठेपणाचीं वर्षें होत. १९२८ च्या नेहरू समितीवर ते होतेच. १९३१ सालीं बंगालच्या काँग्रेसमध्यें सुभाषचंद्र बोस आणि जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या पक्षांत वाद विकोपास गेला तेव्हां निवाडा करण्यास अण्यांना पाठविण्यांत आलें. परप्रांतांतील तंटा तोडण्यासाठीं ज्याला बोलावितात त्याच्या नि:पक्षपातावर दोन्ही बाजूंचा कांहीं तरी भरंवसा असावा लागतो. १९३३ सालीं बाकीचे पुढारी तुरुंगांत असतां काँग्रेसचें हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. त्याच वर्षीं पुण्यास झालेल्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रह सुरू करण्याचा आदेश त्यांच्या सहीनें निघाला. विजयाची घोषणा करण्यास कोणीहि पुढें येतो; माघारीच्या कागदावर सही करण्याचें काम मात्र अशा माणसाकडे येतें ज्याला टाळ्यांची फारशी ओढ नसते.

१९३४ सालीं पुनः वळण आलें. जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसनें स्वीकारहि नाहीं आणि नाकारहि नाहीं अशी भूमिका घेतली. अण्यांच्या वकिली बुद्धीला हें पटेना. एखादा निवाडा अन्यायाचा असेल तर तो नाकारला पाहिजे, असें म्हणून ते पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर बाहेर पडले व दोघांनीं काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. या मतभेदाचें आज मूल्यमापन करतांना सावध राहिलें पाहिजे. निवाड्याला विरोध करणाऱ्यांत बहुसंख्य समाजाचें हितच राष्ट्रहित मानणारेहि होते. आणि ज्या अल्पसंख्यांना आपल्या वांट्याची खात्री हवी होती त्यांची भीति सर्वस्वी खोटी नव्हती. अण्यांची बाजू न्यायाची होती कीं नाहीं याविषयीं मतभेद होईल. परंतु ती अंगीकारतांना त्यांनीं काँग्रेसमधील आपलें वरचें स्थान गमावलें, हें निर्विवाद आहे. ज्या माणसावर पदलोभाचा आरोप पुढें झाला, त्यानें यापूर्वीं मिळालेलें स्थान असें सोडलें होतें, हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपण त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत अवघड प्रसंगाकडे येतों. १९४१ च्या उन्हाळ्यानंतर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं आपलें कार्यकारी मंडळ वाढविलें. त्यांत पहिल्यानेंच भारतीय सभासद युरोपियनांहून अधिक झाले. पण लष्कर, गृह आणि अर्थ हीं खातीं युरोपियनांकडेच राहिलीं. अण्यांना परदेशांतील भारतीयांचें खातें मिळालें. याच मंडळांत राघवेंद्रराव होते, नलिनीरंजन सरकार होते, सर होमी मोदी होते. काँग्रेसचे हजारों कार्यकर्ते तेव्हां वैयक्तिक सत्याग्रहांत तुरुंगांत जात होते. अण्यांनीं हें पद कां घेतलें? त्यांच्या सूत्राप्रमाणें उत्तर सरळ होतें: युद्ध दाराशीं आलें आहे, जें मिळतें तें घ्यावें आणि आंतून दाब आणावा. मलाया व ब्रह्मदेश पडल्यावर तेथून पळून येणाऱ्या लाखों भारतीयांचा प्रश्न त्यांच्याच खात्याकडे आला, तेव्हां हें खातें शोभेचें नव्हे हेंहि दिसून आलें.

पण १९४२ चा ऑगस्ट आला, आणि सूत्राची कसोटी लागली. काँग्रेसचे पुढारी पकडले गेले. आमच्याच जिल्ह्यांत तुमसर येथें जमावावर गोळीबार झाला. १६ ऑगस्ट रोजीं शेजारच्या चांदा जिल्ह्यांत चिमूर येथें लोक आणि पोलीस यांच्यांत रक्त सांडलें, सरकारी अधिकारी मारले गेले. आणि मग लष्कर आलें. त्यानंतर चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या, त्यांची चौकशी करण्यास सरकार तयार होईना. या काळांत अणे व्हाइसरॉयच्या मंडळांतच होते.

सेवाग्रामचे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी हे वैराग्यशील गृहस्थ. १९४२ च्या नोव्हेंबरांत ते दिल्लीस अण्यांच्या घरीं गेले. त्यांची मागणी साधी होती: आपण याच मुलुखाचे आहांत, चिमूरला चला, डोळ्यांनीं पाहा, चौकशी मागा. अण्यांना तें करतां आलें नाहीं. भन्साळींनीं त्यांच्याच दारांत उपोषण मांडलें. सरकारनें त्यांना दिल्लींतून हलविलें. त्यांनीं उपोषण पुढें चालू ठेवलें, पायीं चिमूरची वाट धरली आणि पुनः पुनः पकडले गेले. बातम्यांवर बंदी घातली गेली, तिच्या निषेधार्थ वर्तमानपत्रांनीं एक दिवस अंक बंद ठेवला. ६३ दिवसांनीं, १२ जानेवारी १९४३ रोजीं, डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीनें तें उपोषण सुटलें.

त्या दारांतल्या प्रसंगाचा मला नेहमी विचार करावासा वाटतो. बाहेर अन्नत्याग केलेला एक अध्यापक, आंत सरकारच्या मंडळाचा सभासद झालेला एक माजी अध्यापक. दोघेहि सज्जन, दोघेहि व्रतस्थ. परंतु एकाला फक्त सत्याचें उत्तरदायित्व होतें. दुसऱ्यानें मंडळाचें सामुदायिक उत्तरदायित्व पत्करलें होतें. सभासदानें स्वतः घटनास्थळीं जाऊन सरकारविरुद्ध चौकशी मागितली कीं तो सभासद राहत नाहीं. म्हणजे भन्साळी खरें म्हणजे चिमूरला चला एवढेंच म्हणत नव्हते. राजीनामा द्या असें ते म्हणत होते, आणि अण्यांनीं त्या दिवशीं तो दिला नाहीं.

तो त्यांनीं दिला तीन महिन्यांनीं. १० फेब्रुवारी १९४३ रोजीं आगाखान महालांत गांधीजींनीं २१ दिवसांचें उपोषण आरंभिलें. प्रकृति ढासळली, तरी सुटका करावयाची नाहीं असें मंडळाच्या बहुमतानें ठरलें. १७ फेब्रुवारीस अणे, सरकार आणि मोदी या तिघांनीं एकदम राजीनामे दिले. त्यांचा देशभर परिणाम झाला. ज्या मंडळांत भारतीयांचें बहुमत आहे असा डौल इंग्रज सरकार जगापुढें मिरवीत होतें, त्या डौलाला या तीन कागदांनीं तडा गेला.

येथें इतिहासकारानें प्रामाणिक असावें. गांधीजींच्या प्राणासाठीं जें पद टाकतां आलें, तें चिमूरच्या स्त्रियांच्या अब्रूसाठीं कां टाकतां आलें नाहीं? मला याचें पुरें समाधानकारक उत्तर सांपडत नाहीं. बचाव करतां येईल: चिमूरच्या तक्रारी वादग्रस्त होत्या, सरकारी अधिकाऱ्यांचे खूनहि झाले होते, मंडळांत राहून कांहीं मिळवितां येईल अशी आशा होती. हा बचाव वकिलाचा आहे आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. तरीहि दूरच्या खेड्यांतील नि:शब्द माणसाचें दुःख सत्तेच्या दाराशीं उशिरा पोंचतें आणि महापुरुषाचें दुःख लौकर पोंचतें, हा सत्तेचा जुना दोष येथेंहि दिसतो. तुमसरच्या आणि चिमूरच्या माणसाला तो विसरतां येणार नाहीं, आणि विसरावा असें मीहि म्हणणार नाहीं. परंतु त्याबरोबर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ज्या मंडळांत डझनभर माणसें बसलीं होतीं, त्यांतून त्या दिवशीं बाहेर पडणारे तिघेच निघाले. आणि अण्यांनीं रिकामें केलेलें खातें पुढें डॉ. खऱ्यांनीं स्वीकारलें; भन्साळींचें उपोषण सोडविणाऱ्यानेंच स्वीकारलें. अधिकारपदाचा प्रश्न असा एका माणसाजवळ संपत नाहीं.

राजीनाम्यानंतर त्याच वर्षीं अणे सिलोनमध्यें भारत सरकारचे प्रतिनिधि म्हणून गेले व १९४७ पर्यंत तेथें राहिले. चहाच्या मळ्यांवरील तमिळ मजुरांचा प्रश्न तेव्हां तेथें धुमसत होता. १२ जानेवारी १९४८ रोजीं ते बिहारचे गव्हर्नर झाले आणि १९५२ च्या जूनपर्यंत त्या पदावर राहिले.

तांब्यांची खुर्ची आणि अण्यांची खुर्ची एकच होती काय? नांव एकच होतें. वस्तु बदलली होती. तांब्यांच्या काळचा गव्हर्नर मंत्र्यांना बाजूला सारूं शकत होता. १९३५ च्या कायद्यानेंहि त्याला स्वतःच्या विवेकाप्रमाणें वागण्याचे मोठे अधिकार दिले होते. स्वातंत्र्याबरोबर ते विशेष अधिकार गेले; गव्हर्नर मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालणारा झाला. घटनासमितीपुढें प्रथम लोकांनीं निवडलेला गव्हर्नर असावा अशी योजना होती. १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस ती सोडून राष्ट्रपतींनीं नेमावा असें ठरलें. कारण असें दिलें गेलें कीं, मुख्यमंत्रीहि लोकांचा आणि गव्हर्नरहि लोकांचा, म्हणजे एका म्यानांत दोन तरवारी. या योजनेंत राज्यपालाचें तेज कमी झालें, पण त्याच्याकडून एक निराळा गुण मागितला गेला: ज्याचें मत आहे पण हट्ट नाहीं, असा माणूस तेथें हवा होता. श्रीकृष्ण सिंहांसारखा समर्थ मुख्यमंत्री असतां बिहारांत अण्यांना याच गुणाची गरज होती, आणि बंगालचा तंटा तोडणाऱ्या माणसाजवळ तो होता.

त्यांच्याच कारकीर्दींत बिहारचा जमीनदारी नष्ट करणारा १९५० चा कायदा झाला. दरभंग्याचे महाराज कामेश्वरसिंह यांनीं तो न्यायालयांत नेला. १९५१ च्या मार्चमध्यें पाटणा हायकोर्टानें तो रद्द ठरविला. मग त्याच वर्षीं जूनमध्यें संसदेनें घटनेची पहिली दुरुस्ती केली आणि नवव्या परिशिष्टांत पहिला मान याच कायद्याला मिळाला. भंडाऱ्याच्या वाचकाला हा इतिहास परका वाटूं नये. आमच्या प्रांतांतील मालगुजारीहि १९५० च्या अशाच कायद्यानें गेली, आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. कुळांचे मधले धनी गेले हें योग्यच झालें. पण मालगुजारांनीं बांधलेले तलावहि त्याबरोबर सरकारचे झाले, आणि ज्यांची पाळ राखणें हें एका घराण्याच्या अब्रूचें काम होतें तें कोणाचेंच राहिलें नाहीं. आजहि ते ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. कित्येक गाळानें भरले आहेत. एका सहीनें हक्क बदलतो, पण काम कोणी करावयाचें हें सहींत लिहिलेलें नसतें. पाटण्याच्या राजभवनांत काय किंवा नागपूरच्या सचिवालयांत काय, ही गोष्ट तेव्हां थोड्यांच्याच ध्यानांत आली असावी.

राज्यपालपद संपलें तेव्हां अणे बहात्तरीला येऊन पोंचले होते. अशा वेळीं बहुतेक माणसें आठवणी लिहितात. हे गृहस्थ पुनः लोकांत आले. १९५३ च्या अखेरीस राज्यपुनर्रचना आयोग नेमला गेला, तेव्हां विदर्भाचें वेगळें राज्य व्हावें या मागणीच्या अग्रभागीं अणे व ब्रिजलाल बियाणी हे होते. १९५५ च्या अहवालांत आयोगानें ती मान्य केली आणि नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ अशा आठ जिल्ह्यांचें राज्य सुचविलें. तें झालें नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ पासून हे जिल्हे द्विभाषिक मुंबईंत गेले व १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आले. संयुक्त महाराष्ट्रासाठीं ज्यांनीं प्राण दिले त्यांच्या त्यागापुढें मान लववूनहि हें म्हणतां येईल कीं, विदर्भाचा प्रश्न विचारणारे सगळेच मराठीचे वैरी नव्हते. अण्यांसारखा टिळकभक्त तो प्रश्न विचारतो तेव्हां त्यांत भाषेचा द्रोह शोधणें व्यर्थ आहे. त्यांचा प्रश्न राज्यकारभाराचा होता: राजधानी किती दूर असावी? भंडाऱ्याच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाहीं.

१९६२ सालीं, ऐंशी वर्षें उलटून गेल्यावर, माजी राज्यपाल अणे नागपूरांतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. राजभवनांतून निघून मतदाराच्या दाराशीं जाणें याला एक नम्रता लागते. पदानें माणूस मोठा झाला असता तर तें त्याला जमलें नसतें. इतिहासाची गंमत अशी कीं, ज्या बिहारचें राज्यपालपद त्यांनीं भूषविलें त्याचे पुढें दोन भाग झाले. त्यांच्याच कारकीर्दींत झालेल्या १९५२ च्या निवडणुकींत वेगळें राज्य मागणाऱ्या झारखंड पक्षानें ३२ जागा मिळविल्या होत्या. तें राज्य २००० सालीं झालें. जुन्या मध्यप्रांताचा एक तुकडा, छत्तीसगड, हाहि त्याच वर्षीं राज्य झाला. अण्यांचा विदर्भ मात्र मागणीच राहिला. आणि १९९९ पासून त्यांच्या आठ जिल्ह्यांतला आमचा भंडाराहि दुभंगून गोंदिया वेगळा झाला.

२६ जानेवारी १९६८ रोजीं अणे निवर्तले. त्याच वर्षीं त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. त्यांनीं मागें एक संस्कृत महाकाव्य ठेवलें, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’. त्याला १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. व्हाइसरॉयच्या मंडळांत बसलेल्या, राजभवनांत राहिलेल्या या माणसानें काव्य लिहिलें तें मंडालेच्या तुरुंगांत राहिलेल्या आपल्या गुरूवर. आपण कोठून आलों याचा विसर त्याला पडला नव्हता, एवढें तरी यावरून म्हणतां येतें.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. सरकारशीं झगडणारे सरकारच्या खुर्चीवर कसे बसले? माझें उत्तर असें आहे कीं, बसले हा दोष नव्हे. ज्या समाजाला स्वतःचें राज्य चालवावयाचें आहे त्यांतील कोणी तरी कधीं तरी खुर्चीवर बसलेंच पाहिजे. दोन रुपयांच्या पगाराचा विनोद जन्मभर पुरत नाहीं. बसणाऱ्याला विचारावयाचें तें एवढेंच: तूं केव्हां उठलास? आणि कोणासाठीं उठलास? अण्यांच्या बाबतींत पहिल्या प्रश्नाचें उत्तर अभिमानानें देतां येतें. ते १९३० सालीं उठले, १९३४ सालीं उठले, १९४३ सालीं उठले. दुसऱ्या प्रश्नापाशीं मात्र चिमूरचें नांव येतें आणि आवाज थोडा खालीं येतो. थोरांचीं चरित्रें विद्यार्थ्यांपुढें ठेवतांना दोन्ही प्रश्न ठेवावेत, आणि आवाज खालीं येऊं द्यावा. उद्यां त्यांच्यांतलाच कोणी खुर्चीवर बसेल, आणि त्याच्या दाराशीं एखादें दूरचें खेडें येऊन उभें राहील. त्या दिवशीं त्याला चिमूर आठवलें तर आमचें शिकविणें फुकट गेलें नाहीं.